रविवारी दुकानं बंद, सीमा उघड्या

शनिवारी संध्याकाळी आखेनमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात जा, रांग लांबलचक. रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद असतात. दूध, बटाटे, ब्रेड संपले असतील तर सोमवारपर्यंत कळ काढायची. खरेदीला आलेली विद्यार्थी मंडळी आधी एका यंत्रापाशी थांबतात. आठवडाभर खोलीत साठलेल्या रिकाम्या बाटल्या त्याच्या गोल भोकात एकेक करून सरकवायच्या. यंत्र बाटली गरगर फिरवतं, तिच्यावरची खूण वाचतं, गिळून टाकतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत परत मिळते. दहा बाटल्यांचे अडीच युरो झाले की उद्याच्या डब्यातल्या ब्रेडची सोय होते.

डबा लागतो, कारण उद्या भटकायला जायचं असतं.

आखेन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाचं शहर. नेदरलँड्स आणि बेल्जियम दोन्ही हाकेच्या अंतरावर. १८७० साली सुरू झालेल्या इथल्या तंत्रविद्यापीठात जगभरातून मुलं येतात. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलंय. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन गिरवून इथे आलेल्या मुलालाही पहिले काही महिने बेकरीतल्या बाईंचं भरभर बोलणं कळत नाही. पैसे मात्र पहिल्या दिवसापासून मोजता येतात.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीचं शुल्क नसतं. पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच एका खास बँक खात्यात अडकवून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. आपलेच पैसे, पण महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. त्यातून खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरलेल्यात महिना ढकलायचा. नोकरीची मुभा आहे, पण वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. म्हणून दुपारचं जेवण विद्यापीठाच्या स्वस्त खानावळीत, तिला ‘मेन्झा’ म्हणतात, आणि रात्री खोलीवर कुकरची शिट्टी.

वर्गातल्या रीतीही अंगवळणी पडायला वेळ लागतो. वेळापत्रकात दहा लिहिलेलं व्याख्यान अनेकदा सव्वादहाला सुरू होतं. ही पंधरा मिनिटांची सवलत विद्यापीठांची जुनी परंपरा आहे. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत. सगळा वर्ग मुठीनं बाकावर ठकठक करतो. नव्या मुलाला वाटतं, मास्तरांवर सगळे चिडलेत. परीक्षेत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ५.० म्हणजे नापास, हे घरी फोनवर समजावताना तर पुरेवाट होते.

या काटकसरीच्या आठवड्याला रविवारचं दार उघडतं ते तिकिटामुळे. मे २०२३मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं ‘डॉइचलँड तिकीट’ देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या आणि बसना महिनाभर चालतं. त्याची किंमत २०२५मध्ये ५८ आणि २०२६मध्ये ६३ युरो झाली. अनेक विद्यापीठांत त्याची विद्यार्थी आवृत्ती साठ टक्के दरात सत्राच्या वर्गणीतच मिळते. वेगवान ‘आयसीई’ गाडीत मात्र ते चालत नाही. मग कोलोनला जायला तासभर लागला तरी बिघडत नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर १५७ मीटर उंचीचं कॅथेड्रल उभं असतं. त्याचं बांधकाम १२४८मध्ये सुरू झालं आणि १८८०मध्ये संपलं. ५३३ पायऱ्या चढून गेलं की खाली ऱ्हाइन नदी दिसते.

आयफेलच्या डोंगराळ भागातलं मोनशाऊ हे लाकडी चौकटींच्या घरांचं आणि मोहरीच्या जुन्या गिरणीचं गाव बसनं गाठता येतं. पण आखेनकरांची हक्काची सहल म्हणजे फाल्स. शहरातल्या बसनं थेट नेदरलँड्समध्ये उतरायचं आणि फाल्सरबर्ग चढायचा. ३२२ मीटरचा हा ‘डोंगर’ म्हणजे नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीचं सर्वोच्च ठिकाण! सिंहगड चढलेल्या मुलांना हसू आवरत नाही. वर तीन देशांच्या सीमा एका ठिपक्यात मिळतात. एक पाय जर्मनीत, दुसरा बेल्जियममध्ये आणि हात नेदरलँड्समध्ये ठेवून फोटो काढायला तिथे नंबर लागतो. पूर्वी इथे चौथी सीमाही होती. जस्ताच्या खाणीवरून वाद झाला म्हणून १८१६मध्ये तटस्थ मोरेसनेट नावाचा चिमुकला प्रदेश निर्माण झाला आणि तो १९२०पर्यंत टिकला.

खिशात पासपोर्ट आणि निवासपरवाना लागतोच. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीनं सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. परतीच्या वाटेवर पोलीस कागद मागू शकतात.

संध्याकाळी मंडळी परत येतात तेव्हा डबा रिकामा आणि पिशवीत फाल्समध्ये घेतलेली पाण्याची बाटली. पुढच्या शनिवारी ती यंत्रात सरकवली जाते. यंत्र तिला नेहमीप्रमाणे गरगर फिरवतं, थबकतं आणि तशीच बाहेर ढकलतं. अनामत नेदरलँड्सची आहे. परत हवी असेल तर बाटली घेऊन पुन्हा बसमध्ये बसायचं.