घडीच्या ट्रेलरची ऋतुनिहाय देखभाल

स्वरूप

मोटारीमागे ओढायचा, प्रवासात मिटणारा व मुक्कामी उघडणारा निवारा म्हणजे घडीचा ट्रेलर. अमेरिका-कॅनडात तो ‘पॉप-अप’ म्हणून परिचित आहे. त्याचे छप्पर बहुधा विंच व पोलादी दोरांनी वर चढते. भिंती कॅनव्हासच्या असतात. मिटल्यावर उंची घटते आणि वाऱ्याचा रोधही कमी होतो. मात्र सांधे व सरकते भाग अधिक असल्याने पाणी शिरण्याच्या जागाही अधिक असतात. त्यामुळे देखभालीचा बराच भाग पाण्याशी निगडित आहे.

नळव्यवस्था

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. नळ्यांत ते साचून राहिल्यास पंप, तोट्या व जोड फुटतात. म्हणून हिवाळ्यापूर्वी टाकी व गीझर रिकामे करतात. गीझर बायपासने वेगळा करून नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त अँटिफ्रीझ सोडतात. ते सहसा गुलाबी असते. प्रत्येक तोटीतून तो रंग दिसला की काम पूर्ण झाले. रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे वर्ज्य आहे.

कॅनव्हास

ओलसर कापड मिटून ठेवल्यास बुरशी धरते. पावसात घडी घालावी लागली, तर घरी पोहोचताच ट्रेलर उघडून कापड पूर्ण वाळवतात. कडक साबणाने जलरोधक लेप निघतो. साधे पाणी व मऊ ब्रश पुरेसा ठरतो.

बॅटरी

लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरते तसे तिच्यातील आम्ल पाणीदार होते. त्यामुळे उतरलेली बॅटरी शून्याच्या थोड्या खालच्या तापमानातच गोठू शकते. पूर्ण चार्ज केलेली कडाक्याच्या थंडीतही टिकते.

वसंतातील समायोजन

दोरांचा ताण असमान असल्यास छप्पर तिरके चढते. चारही कोपरे एका पातळीत येईपर्यंत तो जुळवतात. चाकांच्या बेअरिंगना नवे ग्रीस भरतात. टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात : ‘३२२१’ म्हणजे २०२१चा ३२वा आठवडा. बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे असल्यास हवा अडते आणि ज्योत पिवळी पडते. गॅसची गळती साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांवरून कळते.

मर्यादा

समायोजनाने झीज भरून निघत नाही. दोराची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी तो बदलावाच लागतो. जमिनीची फळी दाबल्यावर खचत असेल, तर आतले लाकूड कुजलेले असते. गळतीचे मूळ शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.