अॅल्युमिनिअम लोखंड कसे खाते?

जाफराबादच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न असा : लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश सेल्सिअस, अॅल्युमिनिअमचा ६६०. जर्मनची मोडकी भांडी वितळवताना भट्टी ७००-७५० अंशांच्या फार पुढे नेत नाहीत. मग लोखंडी कढई हळूहळू पातळ होऊन गळू का लागते?

वितळणे आणि विरघळणे यांतला फरक आपण वर्गात घाईने उरकतो, म्हणून हा प्रश्न पडतो. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश आहे. तरी ते थंड पाण्यात नाहीसे होतेच. त्याचप्रमाणे ७०० अंशांच्या द्रव अॅल्युमिनिअममध्ये वजनाने दोन-अडीच टक्के लोखंड विरघळू शकते. दर खेपेला कढईत नवे भंगार पडते आणि ही भूक नव्याने सुरू होते.

मात्र मीठ आणि पाणी यांची उपमा इथेच संपते. दोन्ही धातू जिथे भिडतात तिथे त्यांची संयुगे तयार होतात. द्रवाच्या बाजूला पातळ थर असतो, त्यात लोखंडाच्या १ अणूमागे अॅल्युमिनिअमचे सुमारे ३ अणू. त्याखाली जाड थर, त्यात २ लोखंडामागे ५ अॅल्युमिनिअम. (ही प्रमाणे संयुजेच्या नियमात बसत नाहीत. विद्यार्थ्यांनी विचारले तर तसे खुशाल सांगावे. धातूंच्या आपसांतल्या संयुगांना तो नियम लागू पडत नाही.) सूक्ष्मदर्शकाखाली हा जाड थर लोखंडात जिभांसारखा घुसलेला दिसतो. त्याच्या स्फटिकात एका दिशेने अॅल्युमिनिअमच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात. त्या वाटेने अणू भराभर सरकतात आणि जिभा त्याच दिशेने वाढतात.

थर जाड झाला की अणूंना अंतर जास्त कापावे लागते. साधारणपणे १० मिनिटांत जेवढा थर वाढतो त्याच्या दुप्पट व्हायला २० नव्हे, ४० मिनिटे लागतात. म्हणजे थराने लोखंडाचे रक्षण करायला हवे! पण तो काचेसारखा ठिसूळ असतो. भट्टी तापते-निवते, कारागीर पळीने ढवळतो, थराचे कपचे उडतात, आणि बाहेरून द्रवही त्याला विरघळवत असतोच. कढई खाल्ली जाते ती अशी. ७०० अंशांचा रस गळू लागला तर भाजतो तो शेजारी उभा असलेला माणूस, म्हणून कढईला आतून खडू किंवा ग्रॅफाइटचा लेप देण्यात आळस करू नये. ग्रॅफाइटची मूस त्याहून बरी.

विरघळलेल्या लोखंडाचे पुढे काय होते? घन अॅल्युमिनिअममध्ये ते जेमतेम ०.०५ टक्का मावते. उरलेले रस गोठताना संयुगांच्या रूपाने बाहेर पडते. सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूत त्याच्या पातळ पापुद्र्या बनतात; छेदात त्या सुयांसारख्या दिसतात आणि तडा तिथूनच जातो. थोडे मँगनीज घातल्यास त्यांचा आकार बदलून अपाय कमी होतो.

गंमत अशी, की वाहनांचे भाग दाबाने ओततात तिथे मिश्रधातूत एक टक्क्याच्या आसपास लोखंड मुद्दाम राहू देतात. आधीच लोखंड पोटात असलेला रस पोलादी साच्याला कमी चिकटतो. उलट स्कूटर-मोटारींच्या सायलेन्सरच्या पत्र्यावर अॅल्युमिनिअमचा मुलामा देताना हीच अभिक्रिया उपयोगी पडते, कारण मुलामा तिनेच धरून राहतो. ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून रसात सुमारे १० टक्के सिलिकॉन मिसळतात. त्यामुळे ठिसूळ थर पातळ राहतो.

हा प्रयोग शाळेत करू नये. ओलसर पळी रसात बुडाली तरी पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. त्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेली बादली दाखवावी; तिथेही जस्त आणि लोखंड यांच्यामध्ये संयुगांचे थर असतात. ओतलेल्या तुकड्यात लोखंड आहे का हे चुंबकाने पाहू, असे एखादा विद्यार्थी नक्की सुचवील. पण संयुगात बांधले गेलेले हे लोखंड चुंबकाला चिकटत नाही. चुंबक फिरवायचा तो भंगारावर, वितळवण्यापूर्वी, म्हणजे त्यातले खिळे आणि स्क्रू निघून येतात.