फोटो अपलोड केला, पण पोचला का?

सर्व नौकामालक, तांडेल, खलाशी आणि मासे विकणाऱ्या भगिनींनो,

१ जून ते ३१ जुलै नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हाच कागदपत्रांची कामं उरकायची असतात. नौकेची नोंदणी आणि परवाना रिअलक्राफ्ट पोर्टलवर होतो. मच्छीमार, मजूर, विक्रेते यांची नोंद ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल प्लॅटफॉर्मवर होते. नाव-नंबर टाईप केलं की लगेच जातं. गाडी अडते ती फोटो आणि पीडीएफवर. असं का?

टाईप केलेली माहिती म्हणजे मोजकी अक्षरं. फोटो म्हणजे आकड्यांची मोठी रास. मोबाईलचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा होतो. काही ॲप फाईल पाठवण्याआधी तिची अक्षरं करतात, मग ती आणखी एक तृतीयांश फुगते. एवढं ओझं जात असताना जेटीवरची रेंज गेली, की सगळं अर्ध्यात अडकतं.

दुसरी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी फाईल वेगळ्या जागी ठेवतात आणि तुमच्या नोंदीत फक्त तिचा पत्ता असतो. फाईल पोचलीच नाही तर अर्ज दिसतो, पण कागद उघडत नाही.

हे साधं वाटतं, पण विचार करा. मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये आहेत. घरचा माणूस गेल्यावर बाईने पुसट कागदासाठी खेपा घालायच्या का?

म्हणून एवढं करा:

१. कागद उजेडात, सपाट ठेवून फोटो काढा. चारही कोपरे आणि नंबर दिसले पाहिजेत.
२. पोर्टलवर किती केबीची मर्यादा लिहिलीय ते आधी वाचा. १ एमबी म्हणजे साधारण १००० केबी. फाईल लहान केल्यावर अक्षर वाचता येतंय ना, ते मोठं करून बघा.
३. व्हॉट्सॲपवर कागद पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, अक्षरं पुसट होतात.
४. रेंज चांगली असेल तिथेच अपलोड करा. गोल फिरत असताना ॲप बंद करू नका.
५. झाल्यावर अपलोड केलेली फाईल उघडून बघा. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.
६. ओटीपी कोणालाही सांगू नका.

ज्यांना जमत नाही त्यांनी मूळ कागद घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. घरातल्या शिकलेल्या पोरांना ही पोस्ट वाचायला द्या.

– सचिव