पडद्यामागचा निर्माता

चित्रवाणीवरील अनुबोधपट पाहिला की निवेदक आपल्या ध्यानात राहतो. निर्माता राहत नाही. वस्तुतः काय दाखवावे, काय गाळावे हे तोच ठरवितो आणि त्याचे उत्तरदायित्वही त्याच्याच शिरावर असते. अमेरिकेतील फ्रेड फ्रेंडली (१९१५–१९९८) यांच्या चरित्रावरून हे स्पष्ट होईल.

फ्रेंडली मूळचे नभोवाणीतले. १९५१ साली सीबीएस या संस्थेत निवेदक एडवर्ड मरो यांच्यासह त्यांनी 'सी इट नाऊ' ही मालिका सुरू केली. त्या काळी सिनेटर जोसेफ मॅकार्थी हे कम्युनिस्ट असल्याचा आळ घेऊन अनेकांना आयुष्यातून उठवीत होते. ९ मार्च १९५४ रोजी या जोडीने त्यांच्यावर कार्यक्रम केला. त्याची रीत पाहा. मॅकार्थींचीच भाषणे व चौकशीतील दृश्ये दाखवायची आणि त्यांच्या विधानांशेजारी वस्तुस्थिती ठेवायची. संस्थेने जाहिरातीला पैसे दिले नाहीत. ते दोघांनी पदरचे भरले.

कोणी म्हणेल, कात्री ज्याच्या हाती तो कोणालाही काळा रंगवील. शंका रास्त आहे. म्हणूनच मॅकार्थींना त्याच कार्यक्रमात उत्तर देण्याची संधी दिली गेली व ६ एप्रिलला ते उत्तर दाखविले गेले. डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला. त्याला इतरही कारणे होती. पण लोकांची भीती मोडण्यात या अर्ध्या तासाचा वाटा होता.

धैर्याला किंमत पडतेच. १९५५ साली प्रायोजकाने हात काढून घेतला आणि १९५८ साली मालिका बंद पडली. तरी १९६० साली फ्रेंडली यांच्या देखरेखीखाली भटक्या शेतमजुरांच्या हलाखीवर 'हार्व्हेस्ट ऑफ शेम' निघाला. अमेरिकेत सुगीचा सण साजरा होतो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो दाखविला गेला.

१९६४ साली ते वृत्तविभागाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी १९६६ मध्ये व्हिएतनाम युद्धावर सिनेटपुढे जॉर्ज केनन यांची साक्ष चालू असता संस्थेने ती न दाखविता एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा लावला. फ्रेंडलींनी राजीनामा दिला. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पत्रकारिता शिकविली आणि जाहिरातींवर न विसंबणाऱ्या सार्वजनिक चित्रवाणीचा पुरस्कार केला.

तेव्हा पुढचा अनुबोधपट संपताच उठू नका. नामावलीतील निर्मात्याचे नाव वाचा आणि स्वतःला विचारा : याने काय गाळले असेल? आणि ज्याच्यावर टीका केली, त्याला बोलू दिले काय?