सव्वा महिन्यानंतरची धडधड : बाळंतीण आणि वाढलेला थायरॉईड

सव्वा महिना झाला की बाळंतिणीची खाट उचलली जाते. डिंकाचे लाडू संपतात, शेक-शेगडी बंद होते. आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटीही बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच असतात. पुढे घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे लागते आणि आई पुन्हा चुलीपाशी, नाही तर कापसाच्या वावरात दिसू लागते. ती बरी झाली, असे आपण धरून चालतो.

नेमके त्यानंतरच, साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात, काही बायकांना एक आजार गाठतो. बसल्या जागी छाती धडधडते. हात थरथरतात, गडव्यातले पाणी हिंदकळते. थंडीतही घाम फुटतो. पोटभर जेवूनही अंग वाळत जाते. बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही. जरा काही बोलले की चिडते, नाही तर रडते. घरचे म्हणतात, ‘उष्णता झाली’, ‘अंगात वारं शिरलं’, ‘दूध पाजून पाजून वाळली’. यातले काहीच खरे नसेल. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बिघडलेली असू शकते.

‘बाधा’ म्हणण्याआधी

रात्र रात्र जागणारी, थरथरणारी, मध्येच रडणारी बाई पाहिली की कुणी तरी म्हणतेच, ‘हिला बाहेरचं झालं.’ मग लिंबू, अंगारा, उतारा सुरू होतो. पुढचा प्रश्न येतो, ‘कुणी केलं?’ आजाराचे कारण म्हणून माणूस शोधायला निघाले की काय होते, हे जिवती तालुक्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील म्हाताऱ्या बायका-पुरुषांना भर चौकात बांधून मारले गेले. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायदा मार बसल्यानंतर धावून येतो. त्याआधी उपयोगी पडते ती रक्ताची तपासणी. दंडातले थोडे रक्त घेतले की थायरॉईड आहे की नाही ते कळते, आणि कुणाच्या दारात जाऊन जाब विचारायची गरज उरत नाही.

ग्रंथीत काय बिघडते?

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी आहे. तिच्या रसावर शरीराच्या कामाचा वेग ठरतो. रस जास्त झाला की हृदय, आतडी, मेंदू सगळेच धावू लागतात. गरोदरपणात शरीराची रोगप्रतिकारशक्ती थोडी मवाळ झालेली असते. बाळंतपणानंतर ती पुन्हा जोर धरते आणि काही बायकांत चुकून स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करते. यात आईचे काही चुकलेले नसते. वातूळ खाल्ले, गार पाण्यात हात घातले, म्हणून हे होत नाही.

वाढलेला थायरॉईड दोन प्रकारचा असतो, आणि सगळा उपचार या फरकावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार म्हणजे ग्रंथीला सूज येणे. सुजलेल्या ग्रंथीत साठवलेला रस गळून रक्तात जातो. फुटक्या माठातून पाणी झिरपावे तसे. बाळंतपणानंतर हाच प्रकार जास्त आढळतो. जगभरच्या पाहण्यांत शंभर बाळंतिणींमागे साधारण पाच ते आठ जणींना ही सूज आलेली दिसते. साठा संपला की रस आपोआप कमी होतो.

दुसऱ्या प्रकाराला ग्रेव्हज आजार म्हणतात. यात ग्रंथी खरोखरच जास्त रस तयार करत राहते आणि सहसा आपोआप थांबत नाही. डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे, गळ्याला ठळक सूज येणे, ही याकडे बोट दाखवणारी चिन्हे आहेत. नक्की निदानासाठी डॉक्टर रक्तातील प्रतिपिंडांची वेगळी तपासणी सांगतात.

रिपोर्ट वाचताना होणारी गल्लत

रिपोर्टमध्ये टीएसएच, टी-३ आणि टी-४ असे आकडे असतात. टीएसएच कमी दिसला की अनेकांना वाटते, थायरॉईड कमी झाला. अर्थ उलटा आहे. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईडला जाणारा हुकूम. मजूर आधीच जास्त काम करत असतील तर मुकादम गप्प बसतो. तसे थायरॉईड वाढला की टीएसएच खाली जातो आणि टी-३, टी-४ वर चढतात.

म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी कधीच घेऊ नका. बहुतेक बायकांकडे असते ती थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे रस कमी पडणाऱ्यांसाठीची. वाढलेल्या थायरॉईडमध्ये ती घेतली तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

धडधड आणि थकवा रक्त कमी असल्यानेही होतो. आपल्या भागात आदिवासी आणि बौद्ध, दोन्ही समाजांत सिकलसेल आढळतो. त्यामुळे थायरॉईडबरोबर हिमोग्लोबिन, आणि पूर्वी केली नसेल तर सिकलसेलची तपासणीही करून घ्या. थायरॉईडच्या तपासणीला उपाशी राहावेच लागते असे नाही. सकाळी भाकरी खाऊन पहाड उतरलात तरी चालेल.

उपचार कसा होतो?

सूज असेल तर ग्रंथीचे काम थांबवणारी गोळी उपयोगाची नाही, कारण नवा रस बनतच नसतो, जुनाच गळत असतो. धडधड आणि थरथर फार असेल तर डॉक्टर काही आठवडे प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. दमा असेल तर ते आधीच सांगा, दम्यात ही गोळी चालत नाही.

ग्रेव्हज असेल तर कार्बिमाझोलसारखी गोळी लागते आणि ती बरेच महिने चालते. ती मनाने बंद करू नका. मात्र ती सुरू असताना ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्या. क्वचित या गोळीने त्या एकदम घटतात. डोळे पिवळे झाले तरी असेच करा. गोळी चालू असताना पुन्हा दिवस राहू नयेत याची काळजी घ्या. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला ती बाळाला अपाय करू शकते.

दूध तोडू नका

‘आईला थायरॉईड, मग बाळाला वरचे दूध द्या’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. आजार दुधातून बाळाला लागत नाही. प्रोप्रॅनोलॉल आणि ठरावीक मात्रेतली कार्बिमाझोल घेत असतानाही अंगावर पाजता येते. गोळी पाजून झाल्यावर घ्यावी आणि बाळाचे वजन नियमित बघावे. फक्त किरणोत्सारी आयोडीनची तपासणी किंवा उपचार पाजत्या आईला चालत नाही. म्हणून कोणत्याही डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा, ‘मी बाळाला पाजते.’ घरातले साधे आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. आयोडीनची वेगळी औषधे मात्र स्वतःहून घेऊ नका.

बरे वाटले तरी दुसरी तपासणी

सुजेच्या प्रकारात धडधड थांबते आणि घरचे निश्चिंत होतात. पण साठा संपल्यावर, साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात, अनेकींचा थायरॉईड उलट कमी पडतो. मग थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, अंग जड होणे, मन खचणे सुरू होते. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करावा लागतो. या टप्प्यात थायरॉक्सिन दिले तर ते सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावे. बाळंतिणीला सहा महिने मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन अंगी लागत नाही.

बहुतेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होते, काहींना कायम गोळी लागते. ज्यांना एकदा हा त्रास झाला त्यांनी पुढे दरवर्षी टीएसएच करावा. पुढच्या बाळंतपणानंतर तो पुन्हा होऊ शकतो.

थांबू नका, असे केव्हा?

जोराचा ताप आणि फार वेगाची धडधड, सतत उलट्या, बरळणे, दम लागणे, यांपैकी काही दिसले तर १०८ला फोन करा. आई स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

वेगळी फेरी कशाला?

बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी असतात. आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतात. त्या वेळी आईने स्वतःचे सांगावे : झोप, धडधड, थरथर, वजन. कुटुंबात कुणाला थायरॉईड किंवा स्वतःला लहानपणापासूनचा मधुमेह असेल तर तेही. डोंगर उतरून गडचांदूर, राजुरा किंवा चंद्रपूरला जायचे झाले तर ‘टीएसएच तपासायचा आहे’ असे स्पष्ट म्हणा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सगळे कागद बाळाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा.

सासूबाई, नणंदा, नवरे, हे तुमच्यासाठीही आहे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत वस्तीतल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळंतिणींची नावे काढा आणि प्रत्येकीला एवढे विचारा : ‘बाळ बरं आहे, पण तुला झोप लागते का?’