आधी महिना विचारा

जून २०२५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचं दुसरं मासिक श्रमबल पत्रक आलं. पुरुषांचा बेरोजगारी दर एप्रिलमध्ये ५.२ टक्के होता, मे महिन्यात ५.६ झाला. संध्याकाळच्या बातम्यांत लगेच रोजगार कोसळल्याचा गलबला सुरू झाला. याच पाहणीच्या जुन्या फेऱ्यांसाठी मी वर्षानुवर्षं घरोघर फिरलो आहे. मला तो गलबला फार लागला.

या आकड्यांतून हंगामाचा परिणाम वेगळा काढलेला नाही. रब्बीची सुगी संपलेली, मृग अजून लांब. अशा मे महिन्यात शेतावरच्या माणसाला काम कुठलं? मेचा आकडा एप्रिलशेजारी ठेवून देश बुडाला म्हणणं चूक. जूनमध्ये पेरण्या लागल्यावर देश तरला म्हणणंही तितकंच चूक.

ही पाहणी जिच्यातून आली ती राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. आपल्यासारख्या शेतीप्रधान देशात बेकारी एका आकड्यात मावत नाही, हे दांतवाला समितीने १९७० मध्ये सांगितलं. १९७२-७३ पासून साधारण पाच वर्षांनी रोजगाराची मोठी पाहणी होऊ लागली. माझा काळ १९९३ ते २००५ चा.

तेव्हा वर्षाच्या चार उपफेऱ्या असत, तीन-तीन महिन्यांच्या. प्रत्येक हंगाम कागदावर यावा, हा त्यामागचा हेतू. दसरा उलटला की बीडकडच्या गावांत अर्ध्या दारांना कुलपं दिसायची. ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांवर गेलेले असत. मेमध्ये शेजारच्या गावात जावं, तर पारावर पुरुषांना बसायला जागा पुरत नसे. तिथे रोजगाराची प्रश्नावली, म्हणजे अनुसूची दहा, उघडून विचारायचं, "काका, गेल्या सात दिवसांत रोज काय केलं?" एकाने सोमवारी अर्धा दिवस विहिरीचा गाळ काढला होता. बाकीच्या दिवसांचं विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात काम आणावं कुठून? मिरग पडू द्या."

तो अर्धा दिवस आम्ही नोंदवत होतो. चौदा अर्ध्या दिवसांचा तो आठवडा म्हणजे 'चालू दैनिक स्थिती'. वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीने पाहिलं तर १९९३-९४ मध्ये ग्रामीण पुरुषांची बेरोजगारी १.४ टक्के होती. दैनिक स्थितीने ५.६. २००४-०५ मध्ये तेच आकडे १.६ आणि ८.० झाले. माणसं तीच, गावं तीच. मधली तफावत म्हणजे पारावर काढलेले दिवस.

हे दोन्ही आकडे घालून मी २००६ मध्ये एका दैनिकाला लेख दिला. संपादकांनी ८.० काढून टाकला. वाचकांना दोन आकडे कळत नाहीत म्हणाले. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. सालदार आणि रोजंदार यांतला फरक ज्या वाचकाला कळतो, त्याला दोन आकडे नक्की कळतात.

२०१७ पासून पाहणी दरवर्षी होऊ लागली, कागद जाऊन टॅबलेट आले. तिचा अहवाल अडून राहिला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आता आकडा दरमहा मिळतो, हे चांगलंच झालं. पण मासिक पत्रक साप्ताहिक स्थितीवर उभं आहे. सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही त्यात रोजगारात मोजला जातो. गाळ काढणाऱ्या त्या काकांचे उरलेले साडेसहा दिवस या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

हंगामी समायोजनाला काही वर्षांची सलग मासिक मालिका लागते. आपली मालिका एप्रिल २०२५ पासूनची. ती वाढेपर्यंत मे महिना पुढच्या मे महिन्याशीच ताडावा. बेरोजगारी दराच्या शेजारी, शंभरांतले किती पुरुष प्रत्यक्ष कामावर आहेत, तेही पाहावं. काम शोधणंच सोडलेला माणूस बेरोजगारांतून गळतो आणि दर उगाच बरा दिसतो. मालिका पुरेशी लांब झाल्यावर मंत्रालयाने कच्चा आणि समायोजित असे दोन्ही आकडे छापावेत. समायोजित आकड्यावरून देशाची दिशा कळेल. कच्चा आकडा मात्र टाकू नये, कारण मे महिन्यात माणसाच्या घरात चूल कशी पेटते, ते त्यातच असतं.