रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

इचलकरंजी असो, सोलापूर असो की तमिळनाडूतलं तिरुपूर. जिथे सूत रंगतं तिथे रंगीत सांडपाण्याचा प्रश्न ठाण मांडून बसलेला असतो. सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांचा १० ते ५० टक्के भाग धाग्यावर न बसता पाण्यात जातो. जिवाणू आणि इलेक्ट्रोड यांच्या मदतीने हे रंग मोडण्याची जैव-विद्युत-रासायनिक पद्धत त्यासाठी पुढे येते आहे. ती आशादायक आहे, म्हणूनच तिच्याबद्दलचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : पाणी नितळ झालं की काम संपलं.
वस्तुस्थिती : बहुतेक कापडरंग ॲझो प्रकारचे असतात. त्यांच्या रेणूतल्या दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध कॅथोड या इलेक्ट्रोडवर चार इलेक्ट्रॉन मिळाले की पूर्ण तुटतो आणि लालभडक पाणी फिकं पडतं. मागे उरतात ती ॲरोमॅटिक अमाइन संयुगं. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतली बेन्झिडीनसारखी काही कर्करोगकारक आहेत. बेन्झिडीनवर आधारित रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली. बाकीच्या रंगांतून निघणारी अमाइनंही तशीच नदीत सोडून चालत नाहीत. ती मोडण्यासाठी पुढे हवा खेळवलेली टाकी लागते, आणि सल्फोनेट गट असलेली काही तिथेही चिवट ठरतात.

गैरसमज २ : यासाठी प्रयोगशाळेत घडवलेले खास जिवाणू लागतात.
वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देणारे जिओबॅक्टर आणि शेवानेला हे जिवाणू निसर्गातल्या गाळातच सापडतात. सांडपाणी केंद्रातला गाळ घातला, की कार्बनच्या ॲनोडवर, म्हणजे दुसऱ्या इलेक्ट्रोडवर, काही दिवसांत त्यांचा बुळबुळीत थर जमतो. त्यांना खाद्य मात्र लागतं. सुताला लावलेली स्टार्चची खळ धुऊन निघते, ते पाणी त्यासाठी उपयोगी पडू शकतं.

गैरसमज ३ : या पद्धतीत तयार होणाऱ्या विजेवर कारखाना चालेल.
वस्तुस्थिती : जिवाणूंपासून वीज मिळते हे एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं. पण चालू स्थितीत अशा एका जिवाणू-सेलचा विद्युतदाब सहसा अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. रंग लवकर तुटावा म्हणून कित्येकदा उलट बाहेरूनच थोडी वीज द्यावी लागते. खरा फायदा रसायनं वाचण्यात आणि रासायनिक गाळ कमी होण्यात आहे.

गैरसमज ४ : ही पद्धत आली की बाकीची यंत्रणा नको.
वस्तुस्थिती : रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात लिटरमागे अनेकदा ३० ते १०० ग्रॅम मीठ घालतात. रंग तोडणारा सेल हे मीठ काढत नाही. त्यासाठी आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणाच लागते. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिरुपूरची रंगाई युनिट्स बंद करायला लावली, तेव्हाही नोय्यल नदीत जाणारे क्षार हा कळीचा मुद्दा होता. शिवाय या पद्धतीचं बरंचसं काम अजून प्रयोगशाळा आणि छोट्या प्रायोगिक संयंत्रांपुरतंच आहे.

तेव्हा कुणी नितळ पाण्याची बाटली दाखवली, तर तीन आकडे मागा : सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप), ॲरोमॅटिक अमाइन आणि टीडीएस (विरघळलेले क्षार). नदीकाठी राहणाऱ्यांना ते विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.